आजीच्या भिंतीवरचे तुकाराम

(या भागाचं शब्दांकन. बोलताना वाक्यं जशी आली तशीच बहुतेक ठेवली आहेत, फक्त ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

कुणी बसमध्ये उभं असेल, कुणी भांडी घासत असेल, कुणी लाईट बंद करून पडल्या पडल्या ऐकत असेल. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात घरातल्या एका भांडणापासून करते.

आम्ही बुधवार पेठेत राहतो. राहायचो, म्हणायला हवं आता. बुधवार पेठ म्हटलं की काही लोक हसतात, ते मला कॉलेजपासून माहीत आहे. त्यांच्यासाठी सांगते, ही पेठ म्हणजे दगडूशेठचा गणपती आहे, तुळशीबाग आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत, तपकीर गल्लीतले वायरी आणि स्पीकर आहेत, आणि हो, तुम्ही ज्यावर हसता ती वस्तीही आहे. तिथेही माणसंच राहतात. आमचा वाडा पासोड्या विठोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, लाकडी जिना. यंदा तो वाडा पाडायला घेतला. सामान बांधताना आजीच्या भिंतीवरची तसबीर खाली काढली आणि तिथे भांडण सुरू झालं.

तसबीर तुकाराम महाराजांची. हातात वीणा, डोळे अर्धे मिटलेले, कपाळाला गंध. आजी रोज अंघोळ झाली की तिला हात जोडायची. आजीला जाऊन आता दोन वर्षं झाली. काका म्हणाले, “देवाची तसबीर आहे, काच तडकलीय, नदीत विसर्जन करू.” बाबा म्हणाले, “अरे, देव कसला? पागनीस आहेत ते. सिनेमातला फोटो आहे. रद्दीत घातला तरी पाप लागणार नाही.” काका भडकले. बाबाही भडकले. आणि दोघं माझ्याकडे वळले, “तू सिनेमावर पॉडकास्ट करतेस ना? तूच सांग.”

मंडळी, मला सांगता येईना. कारण तो सिनेमा मी कधी धड पाहिलाच नव्हता. तुकडे पाहिले होते, त्याच्याबद्दल बोललेही होते, या पॉडकास्टवरसुद्धा. तर हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. ती तसबीर देवाची की नटाची? आणि एका गाणाऱ्या माणसासाठी बेतलेला सिनेमा नव्वद वर्षांनी भांडण कसा लावू शकतो?

सिनेमा अर्थातच ‘संत तुकाराम’. साल 1936. कंपनी प्रभात, जी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. तिचा स्टुडिओ म्हणजे लॉ कॉलेज रोडवरचं आजचं एफटीआयआय. आणि आमच्या पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळ, तिच्या नावाचं थिएटर होतं, प्रभात. 1934 चं. 2014 च्या शेवटी ते मूळ मालकांकडे परत गेलं, किबे लक्ष्मी झालं. बाबा अजूनही प्रभातच म्हणतात.

आता, गायक-स्टारला घेऊन सिनेमा काढणं ही काही आजची आयडिया नाही. आपण दिलजीतला ‘चमकीला’मध्ये पाहिलं. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्लीने असे तीसएक सिनेमे केले. साचा एकच. हिरो गातो, पोरी बघतात, मारामारी होते, पुन्हा गातो. त्यातले किती आज कुणी बघतं? बीटल्सचा 1964 चा ‘अ हार्ड डेज नाईट’ मात्र लोक अजून बघतात. म्हणजे नुसतं नाव मोठं असून भागत नाही.

आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा पुण्यातच आहे. प्रभातमध्येच.

‘संत तुकाराम’च्या एक वर्ष आधी, 1935 मध्ये, प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला. विषय संत एकनाथ. दिग्दर्शक व्ही. शांताराम. संगीत मास्टर कृष्णराव. आणि एकनाथांच्या भूमिकेत कोण? बालगंधर्व! मंडळी, बालगंधर्व म्हणजे त्या काळातलं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं गाणारं नाव. नाटकांना रात्ररात्र गर्दी, घरोघरी रेकॉर्डी, बायका त्यांच्यासारखं नेसायच्या, त्यांच्यासारखे गजरे माळायच्या. ‘पॉप स्टार’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण गोष्ट तीच होती. सिनेमाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं, ते सेन्सॉरने बदलायला लावलं. एकनाथ अस्पृश्यांच्या घरी जेवतात हा सिनेमाचा गाभा, म्हणजे विषयही धाडसी होता.

आणि तरीही, तुमच्यापैकी किती जणांनी ‘धर्मात्मा’ पाहिलाय? नावसुद्धा किती जणांनी ऐकलंय? प्रभात आणि बालगंधर्व मिळून पुढेही सिनेमे करणार होते. ते एकावरच थांबलं. बालगंधर्व आपल्याला आठवतात ते रेकॉर्डमधून, नाटकाच्या गोष्टींमधून, जंगली महाराज रोडवरच्या रंगमंदिरामुळे. सिनेमामुळे नाही.

असं का झालं असेल? माझं म्हणणं सांगते. बालगंधर्वांचं गाणं हे समोर बसलेल्या माणसांबरोबर चालायचं. एक पद झालं, थिएटरातून ‘वन्स मोअर’ आला, की तेच पद पुन्हा, पण नव्या जागा घेऊन. तो दुसरा, तिसरा वन्स मोअर म्हणजेच बालगंधर्व. आता पडद्याला वन्स मोअर कसा देणार? रीळ पुढे जात राहतं. पडद्यावरचा माणूस तुमचं ऐकत नाही. शिवाय लोकांनी ज्यांना भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिलेलं, ते इथे चाळिशी उलटलेले पुरुष संत. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर लोकांचा जीव होता, त्या दोन्ही सिनेमात आल्याच नाहीत. आवाज तेवढा आला.

आता विष्णुपंत पागनीस. हेसुद्धा एके काळी नाटकात स्त्रीभूमिका करणारे. पण बालगंधर्वांइतकं नाव नाही. नंतर भजन गाणारे म्हणून ओळख. तुकारामासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा शांतारामांना ते पटलं नव्हतं. बायकांच्या भूमिका केलेला, हालचालीत मऊपणा असलेला माणूस तुकाराम कसा होणार? पण हा सिनेमा शांतारामांचा नव्हता. तो दामले आणि फत्तेलालांचा होता. विष्णुपंत दामले म्हणजे प्रभातच्या साऊंडचा माणूस, आणि साहेबमामा फत्तेलाल कलादिग्दर्शक. आवाज ऐकणारा एक आणि भिंती, रस्ते, कपडे उभे करणारा एक. त्यांनी पागनीसच धरून ठेवले. आणि ज्या मऊपणाची भीती होती, त्याच मऊपणातून तो तुकाराम उभा राहिला.

ठीक. एवढं मला आधीपासून माहीत होतं. मग एका रात्री, अर्धं सामान खोक्यांत गेलेल्या खोलीत, मोबाईलवर सिनेमा लावला. दोन तासांहून थोडा मोठा आहे. मनात होतं, वीस मिनिटांत झोप लागेल.

नाही लागली.

पहिली गोष्ट जाणवली ती गाण्याची. सिनेमात एक खलनायक आहे, सालोमालो. देवळात मानाचं स्थान असलेला, स्वतःला कवी म्हणवणारा. हा तुकारामाचे अभंग चोरतो आणि आपल्या नावाने गातो. सुरुवातीलाच बघा. तेच शब्द तुकाराम म्हणतो तेव्हा बसल्या जागी, जणू स्वतःशीच. आणि सालोमालो म्हणतो तेव्हा हातवारे, ताना, मुरक्या, समोरच्यांकडे बघत बघत. पुरता नाटकी थाट. शब्द तेच, पण एकाला ते सांगायचे आहेत आणि एकाला टाळ्या हव्या आहेत. संगीतकार केशवराव भोळे. स्वतः गाणारे आणि संगीतावर लिहिणारे. फरक त्यांनी भाषणाने नाही समजावला, चालीतून ऐकवला. आपल्यातल्या गाणाऱ्या, रील करणाऱ्या सगळ्यांनी ही पहिली दहा मिनिटं तरी बघाच. मला माझीच थोडी लाज वाटली. पॉडकास्टच्या सुरुवातीला मी आवाज कसा लावते ते आठवलं.

पागनीसांचं गाणं बोलण्यातून निघतं. माणूस बायकोशी बोलतोय, पोराशी बोलतोय, आणि बोलता बोलता ते वाक्य सुरात जातं. ‘आता गाणं येणार’ अशी तयारी नाही. आणि गाणं लांबत नाही. त्या प्रसंगाला जेवढं लागतं तेवढंच.

यात एक गंमत आहे. सिनेमात बी आणि झाड यांवरचा एक अभंग आहे, फार गाजलेला. तुमच्या आजी-आजोबांना नक्की पाठ असेल. तो तुकारामांचा नाहीच! सिनेमाचे गीतकार शांताराम आठवले यांनी लिहिलेला आहे. पण इतका बेमालूम उतरला, की लोक तो गाथेत शोधायचे. विचार करा, सालोमालो तुकारामाचं काव्य चोरून स्वतःचं म्हणतो, आणि आठवले स्वतःचं काव्य लिहून ते तुकारामाच्या तोंडी सोडून देतात. एकाच सिनेमात या दोन्ही गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट जिजाई.

खरं सांगू? या सिनेमाचा जीव मला पागनीसांपेक्षा जिजाईत दिसला. तुकारामाची बायको. नटीचं नाव गौरी. कुणी नावाजलेली स्टार नव्हती, प्रभातमध्ये किरकोळ कामं करणारी. नवरा विठ्ठलाच्या नादात, घरात दाणा नाही, पोरं उपाशी, दारात म्हैस. ती त्या म्हशीवर जीव टाकते. नवऱ्याला बोलते, देवाला बोलते. पोरगा आजारी पडतो तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात जाते आणि थेट पांडुरंगाला जाब विचारते. भक्तिपटात! 1936 मध्ये! आणि सिनेमा तिला वाईट ठरवत नाही. तिचं खरं आहे, हे प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं.

शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो, तिलाही चल म्हणतो. तर ती जात नाही. घर आहे, पोरं आहेत. एक जण विमानात बसून वर जातो आणि एक जण खाली राहते. मी लहानपणी ते गरुडाचं विमान बघून हसले होते. या वेळी माझं लक्ष विमानाकडे नव्हतंच.

बीटल्सच्या सिनेमाचं नाव मी मघाशी घेतलं ते यासाठी. त्यात पॉलचा एक खवट आजोबा आहे, जो या चार स्टार पोरांना जराही भाव देत नाही. एल्व्हिसच्या साच्यातल्या सिनेमांत सगळे हिरोकडे बघत बसतात. मला वाटतं, फरक इथे पडतो. ज्याच्यासाठी सिनेमा बेतलाय त्यालाच खडसावणारं कुणी तरी त्यात लागतं. नाही तर ते नुसतं पोस्टर होतं.

आता या सिनेमात मला खटकलेल्या गोष्टीही सांगते, नाही तर ही आरती व्हायची.

एक. खरे तुकाराम इतके गरीब नव्हते बोलायला. गाथा उघडा. दांभिकांना ते असं काही सुनावतात की आज कुणी पोस्ट केलं तर कमेंट बंद कराव्या लागतील. पागनीसांचा तुकाराम कुणालाच दुखवत नाही. तुकारामांची सगळी धार सिनेमाने काढून घेतली. पुढे माझ्या लक्षात आलं, ती फेकून नाही दिली, जिजाईला दिली. तरी तक्रार राहतेच.

दोन. सालोमालो तुकारामाला नादी लावायला एका नाचणाऱ्या बाईला पाठवतो. ती येते, आणि तिचं मन पालटतं. छान चित्रित केलंय. पण मी बुधवार पेठेत वाढलेली मुलगी आहे. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या बायकांचं असं एका गाण्यात काही पालटत नाही. त्यांना भाडं भरायचं असतं, पोरांची फी भरायची असते. जिजाईची भूक दाखवणारा सिनेमा त्या बाईच्या भुकेबद्दल काही विचारत नाही. बघताना हे जाणवलं, म्हणून सांगितलं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मला माझ्या घरातल्या भांडणाचं उत्तर मिळालं.

सिनेमाभर तुकारामाचा अभंग एका जागी थांबत नाही. तो म्हणतो, आणि मग तो बायकांच्या तोंडी जातो, कष्ट करणाऱ्या पुरुषांच्या तोंडी जातो, पोरांच्या तोंडी जातो. प्रत्येक जण आपापल्या कामाच्या लयीत म्हणतो. त्या वेळी तुकाराम फ्रेममध्ये नसतोसुद्धा. वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या जातात, पण तोवर शब्द लोकांच्या तोंडात गेलेले असतात. म्हणजे बघा, गायकासाठी बेतलेला सिनेमा, आणि तो काय दाखवतो? गाणं गायकाच्या हातातून सुटतं आणि दुसऱ्यांचं होतं.

पडद्याबाहेरही तेच झालं. गिरगावच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ 57 आठवडे चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तंबू टॉकीजमधून खेडोपाडी गेला. लोकांनी पागनीसांचा तुकारामाच्या वेशातला फोटो देवघरात लावला. त्यांच्या वाट्याला पुढेही संतच आले, 1939 मध्ये तुलसीदास, 1940 मध्ये नरसी भगत. 1943 मध्ये ते गेले. एका भूमिकेने त्यांना गिळलं म्हणा, नाही तर त्यांना कायमची जागा दिली म्हणा.

आता आजी.

मी सोळा वर्षांची असताना नवा फोन हातात आला होता. काही तरी शोधताना पागनीसांचा फोटो दिसला आणि मी धावत आजीकडे गेले. ती गॅसपाशी होती. मी म्हणाले, “आजी, तू रोज ज्यांना नमस्कार करतेस ना, ते तुकाराम नाहीत. नट आहेत. विष्णुपंत पागनीस. हे बघ.” मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. खरं तर तिला धक्का बसावा असंच मला वाटत होतं. त्या वयात आपल्याला सगळ्यांना शहाणं करायचं असतं.

तिने फोनकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “ठाऊक आहे मला. आमच्या गावच्या जत्रेत तंबूत पाहिलाय मी तो. आईच्या मांडीवर बसून.” मग पोळी उलटली आणि म्हणाली, “तुकाराम कसे दिसायचे, तू पाहिलंस का? मग? ह्यांनी म्हटलेलं मला पोचलं. नमस्कार त्याला आहे.”

तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, आजी आपली चूक झाकतेय. मी थोडी हसलेही. ते हसू अजून आठवतं मला, आणि बरं वाटत नाही.

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. आजीला सगळं माहीत होतं. नट माहीत होता, संत माहीत होते, दोघांत फरक आहे हेही माहीत होतं. काका म्हणतात देव, बाबा म्हणतात नट. आजीच्या लेखी तो निरोप्या होता. आपल्याकडे आषाढीला पालखी लक्ष्मी रोडने जाते, तेव्हा लोक पादुकांना हात लावायला धडपडतात. जमलं नाही तर वारकऱ्याच्याच पाया पडतात. वारकरी म्हणजे तुकाराम नव्हेत, हे काय त्यांना कळत नाही?

तर मंडळी, माझं उत्तर असं. गाणाऱ्या माणसाचा सिनेमा टिकतो, तो त्याच्या नावामुळे टिकतोच असं नाही, नाही तर ‘धर्मात्मा’ही घरोघरी असता. गाणं गोष्टीतून निघालं, समोर खडसावणारं माणूस ठेवलं, आणि गाणाऱ्याने गाणं सोडून दिलं, तर ते दुसऱ्याच्या घरात जाऊन राहतं. अगदी स्वयंपाकघरापर्यंत.

तसबिरीचं काय झालं? दोघांनाही मी सांगितलं, नदीत नाही आणि रद्दीतही नाही. काका जरा वेळ बोलले नाहीत. बाबा म्हणाले, “नव्या घरात भिंतीला खिळा मारू देत नाहीत.” मी अप्पा बळवंत चौकाच्या पुढे एका फ्रेमवाल्याकडून काच बदलून घेतली. तो म्हणाला, “ताई, महाराजांच्या काचेचे जास्त घेत नाही.” मी त्याला पागनीसांबद्दल काही सांगितलं नाही. आता ती तसबीर भाड्याच्या घरात ओट्यावर, भिंतीला टेकवून ठेवलीय. गॅसच्या बाजूला. रोज थोडं तेल उडतं तिच्यावर, मी पुसते.

तुमच्या घरी कुणी हा सिनेमा तंबूत, थिएटरात, दूरदर्शनवर पाहिला असेल, तर त्यांच्याशी बोला. आजच बोला, प्लीज. आणि त्यांच्या आवाजात एक छोटी व्हॉईस नोट करून आम्हाला पाठवा. सिनेमा यूट्यूबवर आहे. एकट्याने बघू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. फोन भिंतीला टेकवून ठेवला तरी चालतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.